उलटे खिसे

दादांनी शर्टाचे खिसे स्वतःच उलटे करून शर्ट धुवायला टाकला, ही माईची तक्रार होती. ऐकणाऱ्याला वाटेल, यात तक्रार कसली? नवरा या वयात एवढा शहाणा झाला तर बायकोनं आनंद मानावा. पण ऐकणाऱ्याचा जन्म लाँड्रीत गेलेला नसतो. माईचा गेला होता.

"खिसे बघणं हे माझं काम आहे," ती सुनेला म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून माझं. सासूनं किल्ल्या शेवटपर्यंत कमरेला ठेवल्या, पण खिसे पहिल्या दिवशी माझ्या हवाली केले. आणि आज या माणसाला खिसे उलटे करायची हौस आलीय!"

सून काउंटरवर कपड्यांना चिठ्ठ्या लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मदत केली असेल, माई."

"मदत? या माणसानं आयुष्यात स्वतःचा मोजा सुलटा केला नाही."

दुकानात आलेला प्रत्येक कपडा आधी माईच्या हाताखालून जायचा. ती दोन बोटं खिशात घालायची, तळ चाचपायची, खिसा बाहेर काढून झटकायची, परत आत ढकलायची. मग वरच्या काजात पांढऱ्या दोऱ्याची एक गाठ मारायची. पांढरा दोरा म्हणजे खिसे पाहिले. दोरा बांधला की तो खिसा माईच्या लेखी संपला. पुन्हा त्यात हात घालणं म्हणजे स्वतःवरच अविश्वास दाखवणं. या खिशांतून तिनं काय काय काढलं होतं! एका कडक वकिलाच्या कोटात दुधाचा दात, एका नवऱ्या मुलाच्या पँटमध्ये दोन वेगवेगळी कानातली, एका शिक्षिकेच्या जॅकेटमध्ये अर्धी ओढून विझवलेली सिगारेट. जे सापडेल ते कागदी पाकिटात घालून हँगरला टाचून परत द्यायचं, तोंडातून एक शब्द काढायचा नाही, फक्त गिऱ्हाइकाकडे थोडं जास्त वेळ बघायचं. माईला शाळा फार लाभली नव्हती. छापील अक्षर ती बोट ठेवून, एकेक जुळवत वाचायची. पण खिसे मात्र धडाधड वाचायची. गल्लीत तिला मागून 'गरम इस्त्री' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. गार इस्त्रीचा उपयोग काय, असं तिचं म्हणणं.

तिनं तो शर्ट खिडकीशी नेला. खिशाच्या टोकाला, अगदी शिवणीत, माणूस कितीही टापटिपीचा असला तरी राखाडी लव साठतेच. इथं ती नव्हती. कुणीतरी बोटाला ओलं फडकं गुंडाळून कोपरा पुसून काढला होता. माईनं खिसा नाकाशी धरला. डाग जातो, वास मागे राहतो. वाळलेल्या गवतासारखा, जरा कडवट वास होता. कुठेतरी घेतलेला. कुठे, ते पटकन आठवेना.

"ज्याला काही लपवायचं नाही," ती म्हणाली, "तो कोपरा पुसत नाही."

"माई, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं."

"गेले असते. त्यांचे गणवेश फार मळके."

दादांचं गेल्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. आतली एक झडप निकामी झाली म्हणून तिच्या जागी धातूची बसवली. ती वाजायची. शेजारी बसलं आणि इस्त्रीची वाफ थांबली की बारीक टिकटिक ऐकू यायची, मनगटावरचं घड्याळ कानाशी धरल्यासारखी. गिऱ्हाइकं कुतूहलानं वाकून ऐकायची. माई कधी वाकली नाही. तिला दुरूनच ऐकू यायचं. भांडणात सुद्धा तिचा एक कान तिकडे असायचा.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, काही महिने जड उचलायचं नाही, आणि रक्त पातळ ठेवायची गोळी मात्र रोज, जन्मभर, न चुकता. नाहीतर धातूवर रक्ताची गुठळी बसेल. डॉक्टरीणबाईंचे काही महिने कधीच सरले. माईचे सरले नव्हते. दादांची जुनी इस्त्री तिनं माळ्यावर टाकली. मुलानं वाफेचं मशीन आणलं. दादांसाठी खिडकीशी एक खुर्ची आली. "बसा," माई म्हणायची. दादा गठ्ठा उचलायला उठले की "बसा." हँगर पडला आणि ते वाकले की "अहो, बसा म्हणते ना!"

एके काळी दादांच्या हातची कॉलर बघायला दुसरे इस्त्रीवाले येत. ते दादा बसून राहिले. हळूहळू दाढी राहायला लागली. जेवण असं चालायचं, जणू कुणाचं काम करून देतायत. शर्टाची बटणं एक घर सोडून लागायची आणि त्यांना कळायचंही नाही. न्यायला कुणी आलं नाही अशा गठ्ठ्यासारखे ते खुर्चीत पडून असायचे. एकदा म्हणाले, "माझं मनच लागत नाही गं कशात."

"लागायला मन म्हणजे काय बटण आहे?" माई म्हणाली होती, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली होती.

आणि आता, कोणी काही केलं नसताना, दादा सुधारले. सकाळी दाढी. दुपारी गुणगुणणं. मशीनवर उभ्या असलेल्या मुलाला एक दिवस चक्क म्हणाले, "कफ आधी, मग बाही." मुलगा खुश झाला, सून खुश झाली. माईला मात्र झोंबलं. एवढे महिने हिनं दूध दिलं, सूप दिलं, शिव्या दिल्या, तेव्हा हा माणूस हलला नाही. मग आता कोणी हलवला?

उत्तर कोपऱ्यावरच होतं. कोपऱ्यावर पुडीवालीचं दुकान होतं. खरं नाव काय ते माईनं विचारलं नव्हतं. मुळ्या, पानं, वाळकी फुलं पुड्यांत बांधून विकते ती पुडीवाली. अलीकडे गोळ्या अन् कॅप्सूलच्या बाटल्याही ठेवायला लागली होती. दुकानात चार टेबलं टाकून लोकांना कसलेकसले उकळलेले पाले पाजायची. त्या टेबलांचे क्लॉथ धुवायला माईकडेच यायचे. आणि ते पोचवायला आजकाल दादा जायचे. स्वतः मागून घ्यायचे. "माझ्या वाटेवरच आहे," म्हणायचे. घर वर, दुकान खाली. या माणसाला वाट कसली?

"पुडीवाली हसते फार," माई सुनेला म्हणाली.

"दुकान आहे तिचं. रडून चालेल का?"

"मी हसते का गिऱ्हाइकांशी?"

सुनेनं पुढची चिठ्ठी लावली. शहाणी होती.

त्याच दुपारी पुडीवालीचे टेबलक्लॉथ आले. माईनं गठ्ठा सोडला, आणि तो वास नाकात शिरला. वाळलेलं गवत, जरा कडवट. तोच, शर्टाच्या खिशातला. माईनं एक क्लॉथ उचलून नाकाशी धरला. कपड्यांच्या धंद्यात एवढा जन्म घालवल्यावर ती वासावरून कुठलंही घर सांगू शकत होती. कुणाच्या शर्टाला कुणाच्या घरचा वास का येतो, हे काय तिला शिकवायचं? साठी उलटलेला, छातीत घड्याळ बसवलेला माणूस. लाज कशी वाटली नाही? तिनं ते क्लॉथ टबात असे घातले की पाणी भिंतीपर्यंत उडालं.

दादांपुढे मात्र तिनं मिठाची गुळणी धरली. संशय पक्का व्हायला वेळ द्यावा लागतो. घाईनं घासलं तर डाग पसरतो.

मधेच रक्ततपासणीचा दिवस आला. दादांचं रक्त अधूनमधून तपासावं लागायचं, गोळी नीट लागू पडतेय का ते बघायला. डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी आकडा पाहिला, परत पाहिला.

"रक्त घट्ट व्हायला लागलंय. मागच्या वेळी छान होतं. गोळ्या कोण देतं?"

"मी," माई म्हणाली.

"रोज?"

"रोज. न्याहारीनंतर. माझ्या हातानं यांच्या तळहातावर."

"एखादा दिवस राहून जातो का, माई? होतं असं. लपवायचं नाही."

माईचं तोंड लाल झालं. आजवर तिनं जगाकडे असं बघितलं होतं, थोडं जास्त वेळ. तिच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. "बाई," ती म्हणाली, "माझ्या हातून लोकांच्या खिशातली टाचणी राहिली नाही. नवऱ्याची गोळी राहील?"

"मग आहारात काही बदल? दुसरं काही औषध?" डॉक्टरीणबाईंनी दादांना विचारलं.

"नाही," दादा म्हणाले आणि टेबलावरच्या पेनांकडे बघत राहिले.

"बरं. डोस आज वाढवत नाही. चार दिवसांनी परत बघू. पण दम लागला, हात-पाय बधिर झाले, बोलताना जीभ अडखळली, तर तपासणीची वाट बघायची नाही. सरळ हॉस्पिटल."

बाहेर येऊन माई चालत होती आणि तिचा एक कान दादांच्या छातीकडे होता. टिकटिक येत होती. की जरा दबकी येत होती? रस्त्यावर गाड्या फार होत्या.

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर तिनं गोळी दिली आणि समोर उभी राहिली. "गिळा."

"गिळली."

"तोंड उघडा."

"अगं काय हे?"

"उघडा! जीभ वर करा. इकडे. आता तिकडे."

मुलगा जिन्यातून वर येत होता, तो तसाच खाली गेला. दादांच्या तोंडात दात सोडून काही नव्हतं. म्हणजे गोळी पोटात जात होती, आणि तरीही रक्त घट्ट होत होतं. आता मात्र माईच्या पायाखालची जमीन हलली. दुसऱ्या बाईचा संशय तिला नवा नव्हता, त्याच्याशी कसं लढायचं ते ठरलेलं होतं. पण हे काय होतं? पुडीवाली यांना पाजते तरी काय?

ते कळलं, पण माईच्या हुशारीनं नाही. तेच तिला पुढे फार लागलं.

दुकानात मागच्या दांडीवर न नेलेले कपडे टांगलेले असायचे. वर्षभर थांबायचं, मग देऊन टाकायचं, असा नियम. त्यात एक काळा कोट होता, एका व्हायोलिनवाल्याचा. तो कोट देऊन दौऱ्यावर गेला आणि गडप झाला होता. त्या दिवशी तो उगवला. नेमकी तेव्हा दोन-तीन गिऱ्हाइकं काउंटरवर होती. सुनेनं कोट काढून दिला. काजात माईचा पांढरा दोरा जसाच्या तसा. व्हायोलिनवाल्यानं कोट चढवला, आरशात बघितलं, सवयीनं खिशात हात घातला, आणि थांबला.

"माई," तो म्हणाला, "हे माझं नाही."

त्याच्या हातात एक बाटली होती. बुटकी, तपकिरी, वर पिवळ्या फुलाचं चित्र. त्यानं ती हलवली तशी आतल्या कॅप्सूल खुळखुळल्या.

सगळ्यांच्या माना बाटलीकडे वळल्या. मशीननं तेवढा एक सुस्कारा टाकला. माईनं पाहिलेल्या खिशात वस्तू राहिली! पांढऱ्या दोऱ्याच्या आत! एक गिऱ्हाईक बाई तर अशी टक लावून बघत होती की जणू देवळाचा कळस वाकडा दिसला.

माईनं बाटली घेतली. टोपण फिरवलं. वास आला, आणि तिला सगळं एका क्षणात दिसलं. हा खिसा तिनं पाहिला होता, रिकामा होता, आणि म्हणूनच निवडला गेला होता. साऱ्या दुकानात माईचा हात पुन्हा जाणार नाही अशी जागा कुठली, हे एकाच माणसाला ठाऊक असणार. गच्चीवर चादरींना चिमटे लावत बसलेल्या माणसाला. तेवढं काम माईनं त्याला ठेवलं होतं. चिमटे जड नसतात.

"वाच," तिनं बाटली सुनेपुढे धरली.

सुनेनं वाचलं. आवाज खाली आला. "वनस्पतीच्या अर्काच्या कॅप्सूल आहेत, माई. उदासपणावर. मन हलकं राहायला."

"यांचं मन?"

"मग कुणाचं?"

माईनं व्हायोलिनवाल्याचे पैसे घेतले नाहीत. चपला पायात सरकवल्या आणि बाटली मुठीत घेऊन कोपऱ्याकडे निघाली.

पुडीवाली तराजूत कसली तरी मुळी तोलत होती. माईला बघून हसली. माईनं बाटली तराजूखालच्या पाटावर ठेवली तसं हसू ओसरलं.

"हे तू दिलंस?"

"हो. दादांना. का, त्रास झाला काही?"

"कधीपासून?"

"दोन महिने होतील. एकदा क्लॉथ द्यायला आले आणि त्या टेबलाशी बसले. उठेचनात. मी पाणी दिलं. तेव्हा म्हणाले, सकाळी डोळे उघडतात पण उठावंसं वाटत नाही." पुडीवालीनं हात पुसले. "मी म्हटलं डॉक्टरांना सांगा. म्हणाले, घरी कळेल. म्हणून हलकं काहीतरी दिलं. सौम्य उदासपणाला या फुलाचा बऱ्याच जणांना उपयोग होतो, माई. मी वेडंवाकडं विकत नाही."

"मी विचारलं का तुझ्या मालाचं?" माई म्हणाली. खरं तर ती दुसरंच शोधत होती. नजर टेबलांवरून, पडद्यावरून, मागच्या खोलीच्या दारावरून फिरत होती. मागच्या खोलीत पोती होती. पोती आणि एक मांजर. "घरी कळेल म्हणजे? घरी काय राक्षस राहतात?"

पुडीवालीनं तराजूतली मुळी उगाच हातात घेतली. तेच उत्तर होतं.

"आणि त्यांची रोजची गोळी चालू आहे, ती माहीत होती तुला?"

"कसली गोळी?"

"रक्त पातळ करायची. धातूची झडप आहे त्यांच्या छातीत."

पुडीवालीच्या हातातली मुळी पाटावर पडली. माईनं लोकांचे चेहरे पडताना खूप बघितले होते, खोटे पडलेलेही. हा खोटा नव्हता. माईला तो खोटा असायला हवा होता. तसा असता तर बरं झालं असतं.

"मी विचारलं होतं," पुडीवाली म्हणाली. "प्रत्येकाला विचारते, दुसरं औषध चालू आहे का. ते म्हणाले नाही. दोनदा विचारलं. माई, ही वनस्पती त्या गोळीचा जोर मारते. दोन्ही एकत्र चालत नाहीत. तुम्ही आत्ताच्या आत्ता त्यांना डॉक्टरांकडे न्या. बाटलीही न्या."

"तू नको सांगूस मला काय न्यायचं," माई म्हणाली, पण तोवर ती पायरी उतरली होती.

ती गच्चीवर चढली. दादा दोन चादरींच्या मध्ये स्टुलावर बसून गुणगुणत होते, मांडीवर चिमट्यांची टोपली. माईनं बाटली दाखवली. गुणगुणणं थांबलं. त्या शांततेत टिकटिक ऐकू आली.

"चला," ती म्हणाली.

"अगं, मी सांगणार होतो..."

"नंतर. आधी चला. हळू उतरा. नाही, हात नका झटकू माझा."

डॉक्टरीणबाईंनी बाटली हातात घेतली, फुलाचं चित्र बघितलं, आणि खुर्चीत मागे टेकल्या. "सापडलं," त्या म्हणाल्या. "दादा, मी परवा विचारलं होतं ना, दुसरं औषध घेता का?"

"मला वाटलं औषध म्हणजे दवाखान्यातलं," दादा म्हणाले. "हा तर पाला."

"आणि त्या दुकानात विचारलं तेव्हा नाही का म्हणालात? रक्ताची गोळी चालू असताना?" माईनं मधेच विचारलं.

दादा गोंधळले. खरोखरच गोंधळले; माईला त्यांचा खोटा गोंधळ ओळखता यायचा. "ती माझी कुठे?" ते म्हणाले. "ती हिची गोळी. हिच्या कपाटात असते. ही देते, मी गिळतो. नाव काय, कशाची, कधी विचारलं नाही. ती म्हणजे... " त्यांनी शब्द शोधला. "ती म्हणजे हिनं 'बसा' म्हणण्यासारखंच. मी ते औषधात धरलं नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या असत्या, पण त्यांनी माईकडे बघितलं आणि हसू आवरलं.

"या फुलात काही नसतं, तर काही बिघडलंही नसतं," त्या म्हणाल्या. "त्यात दम आहे, म्हणूनच ते दुसऱ्या गोळीच्या वाटेत येतं. धातूची झडप असलेल्या माणसाला ते अजिबात चालणार नाही. आजपासून बंद. बरं झालं, मी डोस वाढवला नव्हता. हे बंद झाल्यावर रक्त उलट जास्त पातळ झालं असतं. आता काही आठवडे वरचेवर तपासायचं. छाती ऐकते, थांबा." त्यांनी नळी लावली. बराच वेळ ऐकलं. माईचाही एक कान तिकडेच होता. "आवाज स्वच्छ आहे. तरी झडपेचा फोटो आजच काढून घ्या. वेळेत आलात."

"हिनं आणलं," दादा म्हणाले.

"आणि दादा, मन लागत नाही हे दुखणंच आहे. मोठ्या ऑपरेशननंतर पुष्कळांना होतं. त्याच्यासाठी मी तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवते. आधी ते तुमच्याशी बोलतील. गरज पडली तर या गोळीशी भांडणार नाही असं औषधही देतील. लपवायचं नाही मात्र."

फोटो चांगला आला. परत येताना माईच्या डोक्यात मात्र एक गोष्ट टोचत होती, राहिलेल्या टाचणीसारखी. शेवटी तिनं विचारलंच, "बरं वाटायला लागलं ते कशानं? फुलानं, की पुडीवालीच्या हसण्यानं? खरं सांगा."

दादांनी विचार केला. त्यांना खोटं बोलायला नेहमीच वेळ लागायचा, आणि खरं बोलायला त्याहून जास्त. "मला काय माहीत," ते म्हणाले. "फुलानं असेल. पण तिथं मी गठ्ठा घेऊन आत गेलो की ती म्हणते, 'तिकडे ठेवा, दादा, आणि त्या टेबलावर जरा घाला ना, तुमच्यासारखी घडी मला जमत नाही.' बसा म्हणत नाही."

माई चालत राहिली. पुडीवालीवरचा तिचा राग काही पुरता गेला नाही. दादांची घडी चांगली असते हे त्या बाईला कुणी सांगितलं, हा प्रश्न उरलाच. पण राग आता धरायला जागा सापडत नव्हती. ओल्या चादरीसारखा तो हातातून घसरत होता.

दुकानात पोचल्यावर मुलगा, सून, दोघं मशीन सोडून बघत उभे राहिले. दादांचा शर्ट घामानं भिजला होता. ते आत गेले, दुसरा घातला, जुना हातात घेऊन बाहेर आले. धुण्याच्या टोपलीशी थांबले आणि सवयीनं, अलीकडेच लागलेल्या सवयीनं, खिशात बोटं घालून तो उलटा करायला लागले.

"ठेवा तो," माई म्हणाली.

दादांची बोटं खिशातच थांबली. काउंटरवर एक गिऱ्हाईक बाई होती. माईनं तिची पर्वा केली नाही. तिनं पदर कमरेला खोचला. सून हळूच मुलाच्या मागे सरकली.

"अहो, इकडे बघा. एकदाच सांगते, आणि या पोरांच्या देखत सांगते. त्या गोळ्यांचा डबा आजपासून तुमच्या कपाटात. नाव पाठ करायचं. कुणी झोपेतून उठवून विचारलं, तरी नाव सांगायचं, बायकोची गोळी म्हणायचं नाही. मला असल्या गोळीला माझं नाव नको. त्या मनाच्या डॉक्टरकडे जायचं. मी बाहेर बाकावर बसेन, दाराला कान लावणार नाही. लावला तर तुम्हाला कळणार नाही. क्लॉथ पोचवायला तुम्हीच जा, घड्या घाला, हसा, काय करायचं ते करा, पण तिकडचा पालाही तोंडात घातलात तर मला वास येतो, हे ध्यानात ठेवा. तुमची इस्त्री माळ्यावरून हा उतरवेल. कॉलर उद्यापासून तुम्ही करायच्या. दमलात की आपण होऊन बसायचं, मी सांगणार नाही. माझ्या दोऱ्याआड वस्तू लपवलीत, चारचौघांत माझं नाक कापलंत, ते मी विसरणार नाही, तुम्हीही विसरू नका. आणि खिसे माझे. त्यांना हात लावायचा नाही. आत काय असेल ते असू दे, चुरगळलेलं, ओलं, रडकं, मी काढीन, मला सवय आहे. पण पुन्हा कधी रिकामा खिसा उलटा करून माझ्यापुढे टाकलात ना, तर शर्टासकट टबात घालीन, आणि मग वाजू दे ते घड्याळ पाण्यात."